संसारांतील चार गोष्टी : माळ्यावर चढणाऱ्याची परीक्षा

घरांतील मुलास ताप आला तर वैद्य कोठें शिकला, कोणती परीक्षा उतरला, याची आपण चौकशी करितों. वाटणीचा तंटा निघाला तर वकिलाची सनद पाहतों. मुलीस गाणें शिकवावयाचें असलें तरी गुरूचें घराणें विचारल्यावांचून आपणांस चैन पडत नाहीं. परंतु ज्याच्या हातीं सगळें घरच सोंपवावयाचें, जो छपरांत शिरतो, भिंती पोखरतो आणि विजेच्या तारांशेजारीं खिळे ठोकतो, त्या कारागिरास आपला प्रश्न एकच असतो : "घेणार किती?"

या महिन्यांत हा विषय हातीं घेण्यास निमित्त झालें तें अमेरिकेंतून आलेल्या एका पत्राचें. न्यू जर्सी राज्यांत राहणाऱ्या आमच्या एक वाचकभगिनी लिहितात कीं, त्यांचें घर जुनें असून हिवाळ्यांत कितीही तापविलें तरी तें उबदार राहत नाहीं; गॅसचें बिल मात्र महिन्यागणिक फुगत जातें. पुण्याहून त्यांच्या सासूबाई राहावयास आल्या आहेत, व त्यांचे गुडघे थंडीनें धरतात. म्हणून यंदा थंडीपूर्वीं घराच्या फटी बुजवाव्या आणि छपराखालीं उष्णतारोधक थर घालावा असें ठरलें. दोन कंत्राटदार येऊन गेले. पहिल्यानें घराभोंवतीं एक फेरी मारून आंकडा सांगितला. दुसरा म्हणाला, "आधीं यंत्र लावून घर तपासीन, भट्टी तपासीन, आणि मग काय करावयाचें तें सांगेन." या तपासणीचे पैसे निराळे. यजमानांचें म्हणणें असें कीं, फटी बुजवावयास पंडित कशास हवा? "आपणच काय तो निवाडा द्यावा," अशी भगिनींची विनंती आहे.

निवाडा देण्याचा अधिकार आमचा नव्हे. तथापि या प्रश्नांत पैशापेक्षां मोठी गोष्ट गुंतलेली आहे, ती वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

घर म्हणजे केवळ चार भिंती व छप्पर नव्हे. शरीराप्रमाणेंच त्यासही श्वासोच्छ्वास असतो. थंड देशांतील जुन्या घरांत तळघरांत गॅसची भट्टी असते, पाणी तापविण्याचा बंब असतो, आणि त्यांचा धूर ऊन असल्यामुळें धुराड्यांतून आपोआप वर चढतो. जळण्यास लागणारी हवा ही जुनी भट्टी बहुधा घरांतूनच घेते. स्वयंपाकघरांतील व न्हाणीघरांतील पंखे आणि कपडे वाळविण्याचें यंत्र हीं देखील घरांतील हवा बाहेर फेंकीत असतात. जितकी हवा बाहेर गेली तितकी कोठून तरी आंत आलीच पाहिजे, आणि ती येते ती या फटींतूनच. आतां अजाण माणसानें या सर्व फटी बुजविल्या म्हणजे काय होतें? हवेस आंत शिरण्यास धुराडें तेवढें मोकळें राहतें. मग वर जाणारा धूर उलट फिरून घरांत उतरतो. त्यांतच भट्टींतील ज्वलन अपुरें होत असलें तर त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं कीं वास नाहीं. निजलेलें माणूस जागें देखील होत नाहीं. सासूबाईंस ऊब मिळावी म्हणून केलेलें काम त्यांच्याच जिवावर बेतावें, याहून मोठी विपरीत गोष्ट कोणती?

म्हणूनच अमेरिकेंत या कामासाठीं परीक्षा निघाल्या. इ. स. १९९३ मध्यें तेथें 'बिल्डिंग परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट' ही संस्था स्थापन झाली. घराची तपासणी करणारा, भट्टीचें काम करणारा, भिंती व छप्पर यांचें काम करणारा, अशा निरनिराळ्या कारागिरांस ती प्रमाणपत्र देते. नुसत्या लेखी उत्तरांवर हें भागत नाहीं. तपासणाऱ्यास परीक्षकासमोर प्रत्यक्ष घरांत यंत्रें चालवून दाखवावीं लागतात. शिवाय हें प्रमाणपत्र जन्माचें नसतें. सामान्यतः तीन वर्षांनीं त्याचें नूतनीकरण करावें लागतें.

पत्रांतील दुसरा कंत्राटदार ज्या यंत्राविषयीं बोलला त्यास 'ब्लोअर डोअर' म्हणतात. बाहेरच्या दरवाजाच्या चौकटींत कापडी पडदा ताणून बसवितात आणि त्यांतील मोठ्या पंख्यानें घरांतील हवा बाहेर ओढतात. आंतील दाब बाहेरच्यापेक्षां ५० पास्कलनें उतरला म्हणजे पंख्यांतून किती हवा जाते तें मोजतात. ताशीं सुमारें ३२ किलोमीटर वेगाचा वारा घरास चोहों बाजूंनीं एकदम लागावा, तसा हा प्रकार होय. अशा वेळीं नुसता हात फिरविला तरी चोरवाटा सांपडतात. आणि त्या बहुधा खिडकीपाशीं नसून माळ्यावर, नळांच्या व तारांच्या भोंवतीं निघतात. काम संपल्यावर हीच मोजणी पुनः करितात, आणि भट्टीचा धूर नीट वर जातो कीं नाहीं तेंही तपासतात. दुसऱ्या कंत्राटदारानें मागितलेले निराळे पैसे याचे आहेत.

परीक्षेवांचून हें काम सरसकट वाटलें म्हणजे काय होतें, याचा धडा ऑस्ट्रेलियानें दिला आहे. जगांत मंदी पसरली असतां तेथील सरकारनें फेब्रुवारी २००९ मध्यें एक योजना जाहीर केली. सुमारें २७ लक्ष घरांच्या छपरांखालीं सरकारी खर्चानें उष्णतारोधक थर घालावयाचा, म्हणजे लोकांचें बिल उतरेल आणि बेकारांस कामही मिळेल. हेतु उत्तम होता. परंतु घाई विलक्षण होती. प्रत्येक कारागिरानें शिक्षण घेतलेलें असावें, असा प्रथम विचार होता. पुढें देखरेख करणारा शिकलेला असला म्हणजे पुरे, अशी सवलत निघाली. पैसा दिसतांच नवे नवे धंदेवाले उभे राहिले, आणि काल-परवां कामास लागलेलीं पोरें छपरांत चढलीं. ऑक्टोबर २००९ मध्यें अॅल्युमिनियमचा वर्ख बसवितांना धातूची एक पिन विजेच्या तारेंत घुसली आणि एका तरुणाचा प्राण गेला. फेब्रुवारी २०१० पर्यंत अशा चौघांचा बळी पडला. तिघे विजेच्या धक्क्यानें गेले. चौथा छपराखालच्या उकाड्यानें गेला. त्यांतील सर्वांत लहान सोळा वर्षांचा होता आणि सर्वांत मोठा पंचविसांचा. त्याच महिन्यांत योजना बंद करावी लागली. पुढें नेमलेल्या शाही चौकशी आयोगानें २०१४ मध्यें अहवाल दिला. हे मृत्यु टाळतां आले असते, असाच त्याचा निष्कर्ष होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. परीक्षा ही केवळ घरमालकाच्या हितासाठीं नसते. माळ्यावर चढणारा संध्याकाळीं आपल्या आईकडे परत जावा, यासाठींही ती असते.

कोणी म्हणेल, प्रमाणपत्र म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे. हें आम्हांस मान्य आहे. परीक्षा उतरलेला मनुष्य कामचुकार असूं शकतो, आणि शाळेचें तोंड न पाहिलेल्या मिस्त्रीचा हात सोन्याचा असूं शकतो. परीक्षेची फी व यंत्रांची किंमत लहान कारागिरास जड जाते, हेंही खरें. परंतु याचा उपाय परीक्षा उठविणें हा नसून ती गरिबाच्या आवांक्यांत आणणें हा होय. वैद्यांतही लबाड निघतात. म्हणून कोणी वैद्यकीची परीक्षा बंद करा असें म्हणत नाहीं.

तेव्हां भगिनींस आमची सूचना अशी : तपासणीचे पैसे द्या; परंतु डोळे झांकून देऊं नका. प्रमाणपत्र मनुष्याचें असतें, पाटीचें नव्हे. म्हणून आपल्या घरीं प्रत्यक्ष येणार कोण, त्याचें प्रमाणपत्र कोणत्या कामाचें आहे व त्याची मुदत उरली आहे कीं नाहीं, तें विचारा. काम संपल्यावर मोजणी व भट्टीची तपासणी पुनः करून आंकडे लेखी देईन, असें कबूल करवून घ्या. आणि सासूबाईंच्या निजावयाच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें यंत्र आजच बसवा.

येथील वाचकांस वाटेल, आमच्या पुण्या-मुंबईच्या घरांत भट्टी नाहीं, मग हें पुराण आम्हांस कशास? आपल्याकडे २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानें 'ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी' ही संस्था निघाली. ऊर्जेचे हिशेब तपासणाऱ्यांची ती परीक्षा घेते. परंतु त्यांचें काम मुख्यतः कारखान्यांत चालतें. आपल्या घरांत शीतपेटीवरचे तारे आपण मोजून घेतों. पण तिची तार जोडणाऱ्याजवळ परवाना आहे कीं नाहीं, हें किती जण विचारतात?

परीक्षेचें आपल्या समाजास वेड आहे. मुलाचे गुण एक-दोन टक्क्यांनीं उतरले तर घरांत सुतक पडतें. मात्र परीक्षा ही लेखणी धरणाऱ्याची, हातोडी धरणाऱ्यास ती कशाला, हा समज आपल्या मनांत खोल रुजलेला आहे. आणि त्यांत चोखंदळपणा नसून हातानें काम करणाऱ्याविषयींची बेपर्वाईच आहे. ज्याच्या विद्येची आपण किंमत करीत नाहीं, त्याच्या जिवाचीही करीत नाहीं. पुढच्या खेपेस दारीं कारागीर येईल तेव्हां "घेणार किती?" याच्या आधीं "शिकलांत कोठें?" असें आदरानें विचारावें, इतकीच वाचकांस विनंती आहे.