एका ओळीचे राजकारण

दस्तातील एका ओळीने जमीन हातची जाते, हे जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. १९६८च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारातील ओळ पाहा : १ जानेवारी १९६७पूर्वी स्फोट केलेला देशच अण्वस्त्रधारी! चीनचा स्फोट १९६४चा. म्हणून चीन आत, भारत बाहेर. १९९६मध्ये जिनिव्हात चाचणीबंदी कराराचा मसुदा ठरताना तर कहर झाला. ज्या ४४ देशांच्या मान्यतेविना करार अमलात येणार नाही, त्यांत भारताला त्याच्या इच्छेविरुद्ध गोवले गेले. अरुंधती घोष यांनी ठाम नकार दिला. ‘सही करा’ असा धोशा लावणारे आपल्याकडील शांतिवादी, १९९९मध्ये अमेरिकी सिनेटनेच करार फेटाळला आणि २०२३मध्ये रशियाने दिलेली मान्यता मागे घेतली, तेव्हा कोठे होते? वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणींत राबणाऱ्या घरांना याचे उत्तर हवे आहे.