लिंबू-मिरचीच्या दिवशी बॉनेटही उघडा

गेल्या उन्हाळ्यात सांगलीच्या जिल्हा बैठकीला विट्याची माणसे पोहोचलीच नाहीत. विषय टेंभूच्या आवर्तनाचा होता, म्हणजे सर्वांत जास्त बोलायचे होते ते आम्हालाच. सकाळी विट्यातून निघालेली आमची जुनी जीप तासगावच्या अलीकडे थांबली. रेडिएटरचा खालचा होज पाईप फुटला होता. पाईप काही शे रुपयांचा. पण टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेलेला दिसत असताना 'पुढच्या गावात बघू' म्हणून गाडी आणखी तीन किलोमीटर रेटली. हेड वाकले, गॅस्केट गेले आणि बिल झाले सव्वीस हजार. पाच माणसे बाभळीच्या सावलीला बसून राहिली. तिकडे आमच्या पाण्याची चर्चा आमच्याशिवाय झाली.

दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. त्या पाईपला पडलेल्या भेगा मिस्त्रीने दोन महिने आधी दाखवल्या होत्या. 'एवढा सीझन जाऊ द्या' असे उत्तर आम्हीच दिले होते. म्हणून हा अग्रलेख दुसऱ्या कोणाला नव्हे, आधी आम्हाला स्वतःला सुनावण्यासाठी आहे.

आपल्या भागात नवी गाडी विरळा. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आपली माणसे नवी गाडी घेतात तेव्हा जुनी कित्येकदा गावाकडच्या भावाला मिळते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, टाटा सुमोचे २०१९ साली. पण खानापूर-आटपाडीच्या रस्त्यांवर दोन्ही अजून दिसतात. दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेल्या याच गाड्या डाळिंबाचे क्रेट नेतात, अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात पोहोचवतात, पोरांना परीक्षेला सोडतात. जुनी गाडी वापरण्यात कमीपणा नाही. सात-आठ लाखांचे कर्ज काढून नवी घ्यायची आणि द्राक्षाचा भाव पडला की हप्त्यासाठी सोने गहाण टाकायचे, यापेक्षा जुनी गाडी नीट ठेवणे हा शहाणपणाचाच हिशेब आहे. पण 'नीट ठेवणे' या दोन शब्दांतच सारे आले.

बेंदराच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे मळतो. बैल बसल्यावर नव्हे, बसू नये म्हणून. गाडीला मात्र दसऱ्याला झेंडूची माळ आणि अमावास्येला लिंबू-मिरची. श्रद्धेबद्दल आमचे काही म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, लिंबू बांधायला समोर उभे राहताच आहात तर त्याच दिवशी बॉनेटही उघडा. पंधरा मिनिटांचे काम आहे.

पहिले काम ऑईलचे. गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना काडी काढून पुसा, परत घाला आणि मग बघा. जास्त पळालेले इंजिन थोडे ऑईल खातेच. खाल्लेले भरले नाही तर बेअरिंग जातात. ऑईल बदलाल तेव्हा फिल्टरही बदला. जुन्या फिल्टरमधून नवे ऑईल फिरवणे म्हणजे गढूळ हौदात स्वच्छ पाणी सोडणे. कंपनीच्या पुस्तकात एअर फिल्टरची मुदत चांगल्या रस्त्याची असते. आपल्या धुळीत तो निम्म्या मुदतीतच बघावा.

दुसरे पाणी, आणि इथे आपल्या तालुक्याला जास्त जपले पाहिजे. बोअरच्या पाण्यातले क्षार ठिबकच्या नळ्या कशा बुजवतात हे तुम्हाला सांगायला नको. ठिबकला आपण आम्लाची प्रक्रिया करतो, पण तेच पाणी रेडिएटरमध्ये बिनदिक्कत ओततो. तिथेही खवले साचतात, पाणी फिरेनासे होते आणि रेणावीचा चढ लागला की काटा वर जातो. रेडिएटरमध्ये कूलंट घाला, दोन-तीन वर्षांनी बदला. गरम इंजिनचे झाकण उघडू नका, वाफेने तोंड भाजते. सगळे होज पाईप दाबून बघा. फुगलेला, मऊ पडलेला किंवा भेगाळलेला पाईप त्याच आठवड्यात बदला. 'गाडी गरम होते, थर्मोस्टॅटच काढून टाका' असा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन थंडच चालते, इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते. मूळ दुखणे तिथेच राहते.

तिसरा टायमिंग बेल्ट. काही इंजिनांत चेन असते, काहींत रबरी पट्टा. तुमच्या गाडीत काय आहे ते मिस्त्रीला आजच विचारा. पट्टा तुटण्याआधी आवाज करीलच असे नाही. काही इंजिनांत तो तुटताच पिस्टन वॉल्व्हवर आदळतात आणि अर्धे इंजिन उघडावे लागते. पुस्तकात दिलेले किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी भरेल तेव्हा पट्टा बदलायचा. जुनी गाडी विकत घेतली आणि आधीच्या मालकाने तो कधी बदलला याचा पत्ता नसेल, तर तो बदललाच नाही असे धरून चाला.

चौथे, जिवाशी गाठ असलेले. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी ते बदलायलाच हवे. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर वयाने कडक होते. सहा वर्षांपुढचा टायर दर वर्षी तपासून घ्या, दहा वर्षांचा तर ठेवूच नका.

आता इथेनॉल. उसाच्या इथेनॉलला आपण कायम पाठिंबा दिला आहे आणि देणार आहोत. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत, हेही खरे आहे. जुन्या पेट्रोल गाडीचे इंधनाचे पाईप आणि सील तपासून घ्या, पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नका. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून गाडी महिनोन् महिने एका जागी उभी ठेवू नका. आपल्याच उसाने आपलीच गाडी बंद पाडली असे म्हणायची वेळ येऊ नये.

आणि शेवटी वही. पिकाचा उत्पादन खर्च मांडता येत नाही म्हणून आपण बाजारात हरतो, हे बैठकीत शंभरदा बोललो. गाडीचेही तसेच. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती रुपये, एवढे चार रकाने पुरेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. मग तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांचे नूतनीकरण. चारचाकीचे नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले. वीस वर्षांवरील गाडीला २०२५ पासून ते १०,००० आहे. हेही वहीत धरा. वर्षाचा दुरुस्तीखर्च नव्या गाडीच्या हप्त्यांजवळ जाऊ लागला, चासी गंजून खाल्ली गेली किंवा स्टिअरिंगचा भरवसा उरला नाही, की माया सोडायची. जुनी गाडी ठेवा असे आम्ही म्हणतो, मोडकी ठेवा असे नाही.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येक गावातून गाडी निघेल. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काडी, पाणी, पाईप, टायर आणि ब्रेक एवढे पाहून घ्या. काटा वर गेला तर तिथेच थांबा. 'पुढच्या गावात बघू' या वाक्याची किंमत आम्ही सव्वीस हजार रुपये मोजली आहे. त्यातले पैसे भरून निघतील. पाण्याच्या चर्चेतली आमची रिकामी खुर्ची मात्र कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होणार नाही.