खेळ हेही औषध

मुलामुलींनो, माझ्या एका विद्यार्थिनीचा पाच वर्षांचा भाऊ इस्पितळातून घरी आला. तो बाहुलीला पुन्हा पुन्हा सुई टोचू लागला. घरचे त्याला रागावले. मला वाटते, ते चुकले. मोठी माणसे आपले दुःख बोलून दाखवतात. लहान मूल ते खेळून दाखवते. तो मुलगा मनातली भीती बाहेर काढत होता.

डॉक्टर मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी हे ओळखले होते. त्यांनी १९२८ साली लंडनमध्ये मुलांसाठी दवाखाना काढला. तेथे मुले वाळूत छोटी घरे, माणसे, प्राणी मांडून मनातले सांगत. पुढे अमेरिकेत बर्नार्ड आणि लुईस गर्नी या पतिपत्नींनी आईवडिलांनाच मुलांशी असे खेळायला शिकवले. आठवड्यातून अर्धा तास खेळायचे. काय खेळायचे ते मुलाने ठरवायचे. मोठ्यांनी चुका काढायच्या नाहीत, मुलाच्या मनातले समजून घ्यायचे. मात्र कोणाला मारायचे नाही, हा नियम सर्वांना सारखा.

खेळाने सगळीच दुखणी बरी होत नाहीत. गरज असेल तेव्हा डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. पण मुलाचे मन जाणणारे माणूस घरातही हवे. ते माणूस तुम्हीही होऊ शकता.

म्हणून धाकट्या भावंडाने खेळायला बोलावले, तर नेहमीच अभ्यासाचे कारण सांगू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ जमिनीवर बसा. खेळ त्यालाच ठरवू द्या. जे त्याला बोलता येत नाही, ते कदाचित तुम्हाला दिसेल.