चौकशी शेताची करा, घराची नको

शेतकरी बंधूंनो, आवण काढायची वेळ आली की शेजाऱ्याची लावणी कुठवर आली हे जरूर विचारा. त्यातून माणसं, बैलजोडी, टिलर एकमेकांना देता येतो. पण त्याची सून काय घालते, मुलगी कुणाशी लग्न करते, याची उठाठेव गावकीला कशाला?

हे लांबचं नाही. सून जीन्स घालते, मंगळसूत्र घालत नाही म्हणून वाळीत टाकलं, ही पोलादपूरच्या एका कुटुंबाची तक्रार २०१५ साली गाजली. वाळीत पडलेल्या घराला लावणीला माणूस मिळत नाही. लावणी लांबली की उत्पन्न घटतं, म्हणजे चौकशी घराची आणि मार शेतावर.

राज्यात जुलै २०१७ पासून सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावकीच्या बैठकीत बहिष्काराच्या बाजूने मत देणाराही त्यात सापडतो. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. सरपंच, पोलीस पाटील मंडळींनो, ‘गावातलं गावात मिटवू’ म्हणून ती दाबू नका.

शेजाऱ्याच्या बांधापर्यंत जरूर जा. उंबरठा मात्र त्याचा आहे.