किरकोळ वस्तूंची कैफियत

मे महिना उजाडला की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील सुखवस्तू कुटुंबांचे तोंड कोकणाकडे वळते. हा क्रम आता इतका रूढ झाला आहे की, त्यास आमच्या भागातील एक नवा कुळाचारच म्हणावयास हरकत नाही. देवदर्शन, समुद्रस्नान आणि आंब्याची पेटी ही या यात्रेची मुख्य अंगे होत. परंतु तिला एक उपांगही आहे. दोन प्रहरी वाळू तापली म्हणजे ही मंडळी तेथील लहानसहान संग्रहालये पाहावयास निघतात. रत्नागिरीस ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजाचा वाडा पाहतात, तेथल्याच मत्स्यसंग्रहालयात देवमाशाच्या सांगाड्यापुढे मुलांना उभे करतात, गणपतीपुळ्यास ‘प्राचीन कोकण’मध्ये जुन्या गावगाड्याचे पुतळे न्याहाळतात, अंगी थोडी रसिकता असलीच तर मालगुंडास केशवसुतांच्या जन्मघरात डोकावतात. गोव्यापर्यंत मजल गेली तर बाणावलीचे ‘गोवा चित्र’ आहेच. घरी परतल्यावर मात्र या साऱ्याविषयीचा अभिप्राय ठरलेला असतो : ‘बरे होते, वेळ गेला, पण किरकोळच प्रकार!’ आणि त्याला जोडून दुसरे वाक्य येते : ‘आपल्याकडे तर तेवढेही नाही.’

आमची तक्रार या दोन्ही वाक्यांविषयी आहे. पहिल्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात आळस आहे. आणि दोहोंचे मूळ एकाच समजुतीत आहे. ती समजूत अशी की, पाहण्याजोगे व जपण्याजोगे जे काही असते ते भव्यच असले पाहिजे. उंच पुतळा, रुंद प्रवेशद्वार, संगमरवरी पायऱ्या, समोर कारंजे, एवढे सिद्ध झाले म्हणजे इतिहासाचे ऋण फिटले, असे आमच्या सुशिक्षित वर्गास वाटू लागले आहे. आत काय ठेवले आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. याउलट एखाद्या गृहस्थाने चार खोल्यांत जुनी कुलपे मांडून ठेवली, तर त्याला आपण छांदिष्ट म्हणून हसतो.

या हसण्याचा हिशेब एकदा मांडून पाहू. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती अशा वस्तू गोळा करावयास आरंभ केला, तेव्हा त्या वस्तू किरकोळच होत्या. घरोघरच्या अडगळीतून, जुन्या बाजारातून त्यांनी त्या एकेक करून आणल्या. बालवयात निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहास दिले आणि १९६२ साली तो सारा शासनाच्या स्वाधीन केला. आज परदेशचा पाहुणा पुण्यास आला म्हणजे आपण त्यास मोठ्या अभिमानाने तेथेच घेऊन जातो! बाणावलीच्या ‘गोवा चित्र’चीही कथा अशीच आहे. व्हिक्टर ह्यूगो गोम्स या कलावंताने लोकांनी टाकून दिलेली शेतीची अवजारे आणि स्वयंपाकघरातील भांडी वीस वर्षे हिंडून जमविली. त्यांची संख्या चार हजारांवर गेली. त्यांतील कित्येक वस्तू कशासाठी वापरीत असत हे सांगणारी माणसेही दुर्मिळ झाली होती. ती म्हातारी माणसे त्यांना वस्तूंइतक्याच कष्टाने शोधावी लागली. हा शेवटचा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे प्रयोजन पुढे आहे.

इंग्लंडचे उदाहरण दिल्यावाचून आमच्या पिढीच्या प्राध्यापकास चैन पडत नाही, म्हणून तेही देतो. ग्रेट यार्मथ या समुद्रकाठच्या गावी हेरिंग मासे धुरवण्याचा एक जुना कारखाना होता. धंदा बसल्यावर त्या गावाने तेथे कोळ्यांच्या जीवनाचे संग्रहालय केले. त्या भिंतींत मुरलेला धुराचा व माशांचा वास अजून येतो आणि तो वास हाच त्या संग्रहातील एक मोलाचा नमुना मानला जातो. आता आमच्या नीरेच्या काठी या. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८० नंतरच्या दशकात आले आणि या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. त्यामागून गुऱ्हाळे आली, पुढे वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर वालचंदनगर वसविले, आणि त्यानंतर सहकारी साखर कारखाने झाले. एवढ्या थोर उलाढालीची साक्ष देणारा बैलाचा चरक, ती काहील, ते चुलवाण आणि पाकाची तार बोटावर ओळखणारा गुळव्या, यांची सांगड घालून दाखविणारी एक तरी खोली प्रत्येक कारखान्याच्या आवारात असावयास काय हरकत आहे? उकळत्या रसाचा वास माशाच्या वासाहून निश्चितच अधिक प्रिय आहे!

‘आपल्याकडे काही नाही’ हे म्हणणे तर खुद्द बारामतीत कोणी उच्चारू नये. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यास जन्मले, परंतु बाबूजी नाइकांच्या आश्रयाने ते बारामतीस राहिले व १७९४ मध्ये निवर्तले. आमच्या पाठ्यपुस्तकांनी त्यांचा एक गंभीर पुतळा करून ठेवला आहे. वास्तविक या कवीइतका खेळकर कारागीर मराठीत दुसरा शोधावा लागेल. एकशेआठ रामायणे रचल्याची त्यांची ख्याती. त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे, म्हणजे ज्याच्या पठणात ओठाला ओठ लागत नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. तेव्हा ‘राम’ हे नावही वर्ज्य! रामाचे नाव न घेता रामायण सांगण्याचा हा पराक्रम एका लहान खोलीत एक आरसा टांगून कोणासही दाखविता येईल. मुलाने आरशात पाहून चार ओळी वाचाव्या व ओठ मिटतात का ते पाहावे. मग ‘मोरोपंत’ आणि ‘बारामती’ ही दोन नावे उच्चारावी, म्हणजे ती ओठ मिटल्यावाचून निघतच नाहीत हे त्याला आपोआप कळेल. या खोलीस संगमरवर लागत नाही, आरसा लागतो. आणि ‘केकावली’च्या नावाने जांभई देणारा विद्यार्थी त्या खोलीतून हसत बाहेर येईल, याची हमी आम्ही अध्यापनाच्या अनुभवावरून देतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इंदापूर तालुक्यास समुद्र नाही हे खरे. परंतु १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमेच्या खोऱ्यात समुद्रासारखाच एक जलाशय पसरला. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या या यशवंतसागराच्या काठी समुद्रकाठची सारी लक्षणे प्रकट झाली आहेत. होड्या आल्या, जाळी आली, भिगवणच्या मासळीची कीर्ती झाली. हिवाळ्यात कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि ते पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची मंडळी पहाटे येऊन होडीत बसतात. ऊन चढले की परततात, मासे खातात, व निघून जातात. आपण ज्या पाण्यावर तरंगलो त्या पाण्याखाली शेते, विहिरी, वेशी, पार आणि चुली होत्या, हे त्यांना कोणी सांगत नाही. कडक उन्हाळ्याच्या वर्षी पाणी फार उतरले म्हणजे पळसदेवचे पुरातन देऊळ चिखलातून वर येते; मग तेथेही लोक छायाचित्रे काढावयास जमतात. देवळाची वास्तुकला वाखाणली जाते. भोवतालच्या जोत्यांकडे कोणी पाहत नाही. ती जोती घरांची आहेत.

पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतील गावांनी त्या वेळी आपली जागा सोडली. त्या पाण्यावर पुढे लाखो एकर भिजले. बागाइतीचे वैभव आले. आमच्या भागातील पुष्कळ घरांची सुबत्ता त्याच पाण्याची आहे. म्हणूनच आम्ही हा प्रश्न दुःखाचा न मानता देण्याचा मानतो. ज्या गृहिणीने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आपल्या घराची चौकट काढून बैलगाडीत घातली, ती आज ऐंशी ओलांडून गेली असेल. कोणत्या आळीत कोणाचे घर, पाणवठ्यास उतरण्याची वाट कोणती, देवाची पालखी कोठे टेकत असे, हा नकाशा कागदावर नाही. तो त्या पिढीच्या डोक्यात आहे. बाणावलीस वस्तूंइतकीच माणसे शोधावी लागली, असे वर सांगितले ते यासाठीच. चौकट आणखी शंभर वर्षे टिकेल. ती कोणत्या दाराची होती हे सांगणारी व्यक्ती तितकी टिकणार नाही.

आणि चौकटी तरी कोठे टिकतात? दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची पायली, अधोली, शेवयांचा पाट, मोटेचे चाक, पितळी समई हे सारे खाली येते व भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. पितळेचा भाव तेवढा घासाघीस करून घेतला जातो. पुढे तेच चाक रस्त्यालगतच्या एखाद्या उपाहारगृहाच्या दारी रंगीत दिव्यांच्या माळेत लटकते, आणि आपलीच मुले त्याच्यापुढे उभी राहून छायाचित्र घेतात. यास कोणी संग्रह म्हणत असेल तर आम्हांस ते मान्य नाही. ज्या वस्तूबरोबर गाव, धनी आणि उपयोग या तीन गोष्टी सांगणारी चिठ्ठी नाही, ती शोभेची वस्तू. चिठ्ठी असेल तर तीच इतिहासाचे साधन होते. संग्रहालय व सजावट यांतील सारे अंतर त्या चिठ्ठीएवढे आहे.

या प्रतिपादनावर काही आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. त्याचे उत्तर सोपे आहे. आमच्या दोन तालुक्यांत एका थाटाच्या लग्नाच्या मांडवावर जो पैसा एका संध्याकाळी उडतो, त्यात अशी एक खोली कित्येक वर्षे चालेल. दुसरा आक्षेप तरुणांचा : प्रत्येक वस्तूचे चित्र आता खिशातल्या यंत्रात साठविता येते, मग वस्तू हवी कशाला? चित्र अवश्य घ्यावे, म्हाताऱ्यांचा आवाजही त्याच यंत्रात अवश्य साठवावा. परंतु भिजलेल्या मोटेच्या नाड्याचे वजन चित्रात येत नाही; ते हाताला लागल्यावाचून आपल्या आजोबांच्या खांद्याची कल्पना येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. ते म्हणतात, जात्यावर जिची उमर गेली तिला जात्याचे कौतुक सांगू नका. बलुतेदारीच्या पायरीवर ज्यांना उभे केले त्यांना जुन्या गावगाड्याची गोड चित्रे दाखवू नका. हे म्हणणे खरे आहे, आणि समुद्रकाठच्या पुष्कळ प्रदर्शनांस ते बाधते. तेथील पुतळ्यांचे कपडे स्वच्छ असतात, चेहरे हसरे असतात, आणि घाम कोणासच येत नाही. परंतु यावरून वस्तू मोडीत घालाव्या असे सिद्ध होत नाही. चिठ्ठी खरी लिहावी एवढेच सिद्ध होते. हे जाते कोणी ओढले, पहाटे किती वाजता, किती माणसांसाठी. हा आड कोणासाठी खुला होता व कोणासाठी नव्हता. धरणाच्या मोबदल्याचा कागद कोणाच्या हाती आला आणि जमीन नसलेल्या शेतमजुराच्या हाती काय आले, हे त्या चिठ्ठीवर लिहिले पाहिजे. भव्य स्मारकास असा कागद भिंतीवर लावणे कठीण जाते, कारण त्याच्या भिंतीवर देणगीदारांची नावे असतात. चार खोल्यांच्या संग्रहास ते धैर्य परवडते. लहानपणाचा हा लाभ आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

तेव्हा आमची मागणी अल्प आहे. पक्षी पाहावयास जेथून होड्या सुटतात त्या काठावर बुडालेल्या गावांची एक खोली असावी. तेथील म्हाताऱ्यांकडून आळीआळीचा नकाशा भिंतीवर काढून घ्यावा, आणि होडीत बसण्यापूर्वी पाहुण्यांस तो दाखवावा. दाखविणारा नावाडी बहुधा त्याच गावांपैकी एखाद्याचा नातू असेल. त्याला शिकवण्याची गरज फारशी पडणार नाही. बारामतीच्या महाविद्यालयांनी मोरोपंतांचा आरसा टांगावा. कारखान्यांनी आपापला चरक शोधावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी कोणा मंत्र्याच्या हस्ते कोनशिला बसण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि वाचकांच्या घरांपुरते बोलावयाचे तर, यंदा माळा रिकामा कराल तेव्हा भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसास खाली बसवा. प्रत्येक वस्तू त्यांच्या हाती द्या आणि मुलांना हाती कागद घेऊन समोर बसवा. वस्तूचे नाव, गाव, धनी आणि उपयोग ही चार उत्तरे उतरून घ्या व चिठ्ठी दोऱ्याने वस्तूस बांधा. त्यानंतरही ती विकावीशी वाटली तर खुशाल विका.