मालकीचा हक्क आणि मोठी चाके

“गाडी माझी, पैसा माझा, मग तिला चाक केवढे बसवावे हे सांगणारे तुम्ही कोण?” असा प्रश्न गेल्या माघ महिन्यात एका तरुणाने आमच्याच कचेरीत बसून आम्हांस विचारला. शेजारी त्याचे वडील बसले होते. त्यांच्या हातात परिवहन खात्याची नोटीस होती आणि चेहऱ्यावर लज्जा होती. प्रकरण वरवर पाहता क्षुल्लक. चिरंजिवांनी आपली चारही चाकांना जोर देणारी जीप स्प्रिंगा बदलून दोन इंच उंच केली, तिला थोराड टायर चढविले आणि जत्रेच्या दिवशी ती देवळाच्या वाटेवर उभी केली. निघताना गाडीच्या नाकासमोर एक फुलकारीण सांडलेली फुले वेचीत वाकलेली होती, ती त्यांस दिसलीच नाही. लोकांनी आरडाओरड केली म्हणून बाई वाचली. परडी चाकाखाली गेली. “परडीचे पैसे मी त्याच जागी दिले,” असे तो तरुण आम्हांस दोनदा म्हणाला.

त्या प्रश्नास आम्ही पोरकट म्हणून झिडकारीत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी तो आज ना उद्या विचारला जाणार आहे. कारण उंचावलेल्या जीपगाड्यांचे वेड गावोगाव पोचले आहे. तेव्हा त्याचा सरळ विचार व्हावा हे बरे.

प्रथम मालकीविषयी. आपल्या जमिनीत खणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, पण शेजाऱ्याच्या जमिनीचा आधार काढून घेईल असे खणण्याचा अधिकार कोणत्याही सुधारलेल्या कायद्याने मालकास दिलेला नाही. मालकी ही वस्तूवर असते. त्या वस्तूपासून इतरांस पोचणाऱ्या धोक्यावर मालकी सांगता येत नाही. गाडी अंगणात उभी असेपर्यंत ती मालकाची खाजगी हौस. ती रस्त्यावर आली की तिच्या प्रत्येक मापात पादचाऱ्याचा, सायकलस्वाराचा आणि त्या फुलकारणीचाही संबंध येतो, आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नसते.

आता मापे पाहू. अशा गाड्यांना कारखान्यातून मिळणारे एक माप 245/75 आर 16 हे आहे. त्या टायरचा व्यास सुमारे 774 मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच भरतो. हौशी मंडळी त्याजागी 285/75 आर 16 बसवितात. व्यास 834 मिलिमीटर, जवळजवळ तेहेतीस इंच. फरक साठ मिलिमीटरांचा. त्या साठ मिलिमीटरांपैकी आस किती वर उचलला जातो? निम्माच, तीस मिलिमीटर. दोन बोटांची ही कमाई. आणि तिची किंमत? चाकाचा परीघ शेकडा पावणेआठाने वाढतो. पण वेगमापकास त्याची वार्ता नसते. तो साठ दाखवितो तेव्हा गाडी जवळजवळ पासष्टाने धावत असते. मुलगा मर्यादेत चालविल्याची शपथ घेतो आणि शपथ खरी असूनही खोटी ठरते! दहा हजार किलोमीटरांची नोंद होते तेव्हा प्रत्यक्षात पावणेअकरा हजारांवर धाव झालेली असते. तेलपाण्याचे सारे वेळापत्रक तितके मागे पडते. इंजिनाचा जोर मोठ्या चाकातून जमिनीवर पोचेपर्यंत शेकडा सात घटतो. म्हणजे ज्या चढासाठी हा खटाटोप, त्याच चढावर गाडी पूर्वीपेक्षा दमते. ब्रेकचेही तेच. पाय तेवढाच दाबला तर जमिनीवर मिळणारा रोध त्याच प्रमाणात उणा होतो, आणि थांबवायचे चाक मात्र अधिक जड झालेले असते. दातांच्या चक्रांचे प्रमाण बदलून यातील काही दोष भरून काढता येतात हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु तो खर्च टायरांच्या खर्चापुढे मोठा, शिवाय डोळ्यांस न दिसणारा. म्हणून तो क्वचितच केला जातो.

गाडी उंच करण्याची कथा याहून विनोदी आहे. ज्या गाडीचा मागचा आस सलग असतो, तिच्या आसाच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळाच दगडावर प्रथम आपटतो. स्प्रिंगा उंच केल्याने वर जाते ते गाडीचे धड. तो गोळा जिथल्या तिथे राहतो. तो उचलायचा तर मोठा टायरच हवा आणि मोठा टायर मडगार्डास घासू नये म्हणून पुन्हा धड उंच हवे. अशा रीतीने दोन बोटांच्या कमाईसाठी सबंध गाडी वीतभर नाही तरी चार अंगुळे आकाशात जाते. पुढील चाके स्वतंत्र टांगलेली असली तर त्यांच्या दांड्यांचे सांधे नेमून दिलेल्या कोनापलीकडे वाकतात आणि लवकर झिजतात. स्टिअरिंगच्या दुव्यांची भूमिती बिघडते. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे गुरुत्वमध्य वर सरकतो. दोन चाकांतील अंतराचे अर्ध गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता येणारा आकडा गाडी उलटण्यास किती अनमान करील हे स्थूलमानाने सांगतो. समजा, ते अर्ध 75 सेंटिमीटर आणि उंची 70. आकडा एकाहून थोडा अधिक. उंची 77 करा, तो एकाच्या खाली उतरला. घाटातील वळणावर एखादे गुरू अकस्मात आडवे आले की हा अपूर्णांक कागदावर राहत नाही.

हे सर्व धोके चालकाने स्वतःपुरते पत्करले असते तर आम्ही लेखणी उचललीच नसती. पण उंच बॉनेटआडची आंधळी जागा वाढते ती समोरच्या मुलाच्या वाट्यास येते. उंचावलेले दिवे पुन्हा खाली जुळवून घेतले नाहीत तर त्यांचा झोत समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत शिरतो. उंच बंपर लहान मोटारीच्या बंपरवर न आदळता तिच्या दारावर, खिडकीलगत आदळतो. मजा एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही.

कायदा याविषयी मुग्ध नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182अ हे कलम आले. मालकाने केलेल्या अशा प्रत्येक फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीस न कळविलेला फेरबदल हे गाडीच्या नुकसानभरपाईला हरकत घेण्याचे कारण होऊ शकते, हेही बापांनी मुलांस सांगून ठेवावे.

पण या तरुणांवरच सारा रोष काढणे अन्यायाचे होईल. “सगळे करतात, काही होत नाही,” असे छातीठोकपणे सांगणारा गॅरेजवाला या नाटकातील खरा सूत्रधार आहे. त्याच अधिनियमातील ‘विक्रेता’ या शब्दाच्या व्याख्येत मोटारींच्या दुरुस्तीचा धंदा करणाराही मोडतो, आणि नियमबाह्य फेरबदल करून देणाऱ्या विक्रेत्यास त्याच 182अ कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड सांगितला आहे. आमच्या वकिलीत मालकांस आलेल्या नोटिसा आम्ही पाहिल्या. गॅरेजवाल्यास आलेली एकही पाहिली नाही. पाच हजारवाल्यास धरावे आणि लाखवाल्यास सोडावे, हा कोणता न्याय?

“रानात जायचे तर हे हवेच,” असा शेवटचा युक्तिवाद उरतो. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या. वाळवंट, चिखल, बर्फ, सर्व त्यांनी तुडविले, आणि तेही 6.00-16 या अरुंद टायरांवर. त्यांचे सामर्थ्य हलक्या वजनात होते. स्पर्धेची गोष्ट निराळी. 2014 साली आपल्या गोव्यात ऐन पावसाळ्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत मोठ्या चाकांच्या गाड्या हव्यातच. तेथे चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण, भोवती पोलादी पिंजरा आणि आखलेली वाट असते. त्या शौर्याचे आम्हांस कौतुक आहे. तेथून शिकून आलेला गडी बाजारच्या रस्त्यावर सहसा सभ्यपणे गाडी हाकतो, असाही आमचा अनुभव आहे. आमचे भांडण आहे ते डांबरी रस्ता सोडून कधीही खाली न उतरलेल्या उंच गाड्यांशी.

सरकारनेही हात झटकू नयेत. 2019 च्या दुरुस्तीनेच फेरबदलांची विनिर्दिष्टे आणि मंजुरीच्या अटी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिलेला आहे. कोणत्या गाडीस किती व्यासापर्यंतचा टायर, त्यासोबत वेगमापकाची दुरुस्ती, दिव्यांची जुळणी आणि ब्रेकची परीक्षा कोणी करावी, हे सामान्य माणसास कळेल अशा भाषेत छापून परिवहन कचेरीच्या भिंतीवर का लागू नये? डोंगरातल्या बागाईतदारास खरोखर गरज असेल तर त्याने चोरीच्या वाटेने का जावे?

नोटिशीचे उत्तर आम्ही लिहून दिले. त्यात दोष कबूल केला आणि गाडी मूळ मापावर आणून तपासणीस हजर करण्याची हमी दिली. चिरंजीव सही करताना रुसलेले होते. आठवड्याने वडिलांचा फोन आला. “वकीलबाब, गॅरेजवाल्याने टायर अर्ध्या किमतीत परत घेतले.” आम्ही म्हटले, बरे झाले. ते क्षणभर थांबून म्हणाले, “आम्ही तिथे होतो तेवढ्यातच त्याने ते दुसऱ्या एका गाडीला चढवायला घेतले.”