किल्ल्यातील दुसरे सैन्य

दिवाळीचे दिवस जवळ आले की महाराष्ट्रातील अंगणाअंगणांत माती, दगडविटा आणि जुनी पोती यांच्यापासून किल्ले उभे राहू लागतात. उतारांवर अळीव व मोहरी पेरली जाते, बुरुजांवर मातीचे मावळे चढतात आणि माथ्यावरील सिंहासनावर छत्रपती विराजमान होतात. आपल्या या सीमेवरील जिल्ह्यातही मराठी मुलांना या खेळाची ओढ आहे. बालवयातील कल्पनाशक्तीला इतके निर्मळ आणि इतके स्वस्त साधन क्वचितच दुसरे असेल.

परंतु या किल्ल्याकडे थोडे चिकित्सक दृष्टीने पाहिले तर एक उणीव ध्यानी येते. या किल्ल्यात शत्रू नसतो. पहारेकरी डोळ्यांत तेल घालून उभा आहे, तोफेचे तोंड खिंडीकडे वळलेले आहे. पण त्या खिंडीतून कोणीच येत नाही. कोकणी ही माझी मातृभाषा. त्या भाषेच्या मुलखात, गोव्यात, दिवाळीला नेमके याच्या उलट घडते. तेथे मुले रात्र रात्र जागून नरकासुराची भव्य प्रतिमा उभारतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तिचे दहन करतात. म्हणजे एका ठिकाणी केवळ आपला पक्ष, तर दुसऱ्या ठिकाणी केवळ शत्रू! दोन्ही प्रथा सुंदर आहेत. पण जेथे एकच पक्ष आहे तेथे निकाल आधीच लागलेला असतो, आणि जेथे निकाल आधीच लागलेला असतो तेथे बुद्धीला करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून माझी अशी सूचना आहे की, आपल्या विद्यार्थ्यांनी किल्ल्यासमोर दुसरे सैन्य उभे करावे, आणि दोन्ही सैन्यांनी लेखी नियमांनुसार युद्धाचा डाव खेळावा.

ही कल्पना काही नवी नव्हे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांच्या सैन्याला पटावर आणून आपल्या पूर्वजांनीच चतुरंग जगाला दिले. आजचे बुद्धिबळ हे त्याचेच अपत्य होय. मात्र बुद्धिबळाच्या पटावर नदी नाही, डोंगर नाही, पाऊस नाही आणि दैवही नाही. प्रशियाच्या राइसवित्झ नावाच्या तरुण सेनाधिकाऱ्याने 1824 साली ही उणीव भरून काढली. पटाऐवजी त्याने खऱ्या प्रदेशाचे मोठ्या प्रमाणावर काढलेले नकाशे घेतले, फाशांच्या द्वारे दैवाला डावात स्थान दिले आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसविला. सेनापतीला रणांगणावरून जेवढे दिसू शकेल, तेवढेच पंच त्याला सांगत असे. पुढे 1913 मध्ये एच. जी. वेल्स या प्रसिद्ध इंग्रज लेखकाने कथिलाचे शिपाई आणि कमानीच्या छोट्या तोफा घेऊन खेळावयाचे नियम ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात ग्रथित केले. पायदळाने एका चालीत एक फूट जावे, घोडदळाने दोन फूट. तोफेजवळ चार गडी नसतील तर ती डागता येऊ नये, असे ते सुटसुटीत नियम होते. 1962 साली डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या पुस्तकाने या छंदाला नवे चैतन्य दिले, आणि आज बोटाच्या पेराहूनही लहान शिपायांची सैन्ये घेऊन जगात ठिकठिकाणी हे जुने, साधे नियम आवडीने खेळले जातात.

शिपाई लहान असण्यात एक मर्म आहे. बाहुल्या मोठ्या असल्या की दहा-वीस बाहुल्यांनी मेज भरून जाते आणि चकमकीपलीकडे काही दाखविता येत नाही. शिपाई लहान झाला की भूमी मोठी होते. मग नदीचा उतार, घाटाची वाट, मागे राहिलेली रसद यांना पटावर जागा मिळते. आणि इतिहासात अनेक लढायांचा निकाल तलवारीने लागण्यापूर्वी याच गोष्टींनी लागलेला असतो.

पालखेडचेच उदाहरण घ्या. 1727 च्या उत्तरार्धात पहिला बाजीराव आणि निजामुल्मुल्क यांच्यात युद्ध जुंपले. निजाम पुण्याकडे वळला असता बाजीराव पुण्याच्या रक्षणास धावला नाही. तो खानदेश-गुजरातेकडे निघून गेला आणि मग औरंगाबादेला धोका निर्माण करून त्याने निजामालाच माघारी खेचले. त्वरेने चालण्यासाठी निजामाला आपला अवजड तोफखाना मागे ठेवावा लागला. अखेर 28 फेब्रुवारी 1728 रोजी वैजापूरजवळील पालखेड येथे मराठ्यांनी त्याला वेढले. दाणा आणि पाणी तोडले. मोठी हातघाई न होताच निजाम कोंडीत सापडला आणि 6 मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. हा धडा आपण परीक्षेसाठी पाठ करतो. पण ज्या विद्यार्थ्याने नकाशावर निजामाची बाजू घेऊन, बाजीराव नेमका कोठे आहे हे ठाऊक नसताना, ‘तोफा ठेवू की वेग ठेवू’ असा प्रश्न स्वतःला विचारला असेल, त्यालाच त्या विजयाची थोरवी खऱ्या अर्थाने उमगेल.

येथे कोणी म्हणेल, “आणि डावात निजाम जिंकला तर? तो आपल्या इतिहासाचा अवमान नव्हे काय?” मला तसे वाटत नाही. जे घडणे अटळच होते, ते घडविणाऱ्याला मोठेपणा कसला? पराभव शक्य होता म्हणूनच तो विजय पराक्रम ठरतो. शिवाय आपण ज्या जिल्ह्यात राहतो तो 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू या भाषा येथे एकाच बाजारात कानी पडतात. अशा ठिकाणी प्रतिपक्षाच्या आसनावर घटकाभर बसून त्याच्या अडचणी समजून घेणे, ही केवळ करमणूक नसून नागरिकत्वाचे शिक्षण आहे. यासाठी नियम एकच हवा : एका डावात जो बाजीराव झाला, त्याने दुसऱ्या डावात निजाम झालेच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युद्धाचा खेळ मुलांना क्रूर करील, असे पालकांना वाटते. वेल्सचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. चिमुकल्या युद्धातच माणसाच्या हातून इतक्या चुका होतात, तर खरे महायुद्ध केवढा अनर्थ ठरेल, हे खेळणाऱ्याला आपोआप कळते, असे त्याने सुचविले. आणि पुढच्याच वर्षी, 1914 मध्ये, तो अनर्थ युरोपवर कोसळला. तथापि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, पटावरचा शिपाई रडत नाही आणि त्याच्यामागे त्याची आई नसते. हे सांगण्याचे काम खेळ करीत नाही. ते शिक्षकाने करावयाचे असते. तसेच काही रणे पटावर आणू नयेत. 1940 साली आपल्याच डोंगरात, जोडेघाट येथे, कोमराम भीम यांनी आपल्या सोबत्यांसह प्राण वेचले. जी जखम जनांच्या मनात अजून ओली आहे, तिच्यावर फासे टाकणे शोभणार नाही. तेथे मस्तक नमवावे एवढेच.

खर्चाची सबब मात्र कोणी सांगू नये. निर्मलच्या कारागिरांची लाकडी चित्रे कितीही मोहक असली तरी सैन्याची भरती त्यांतून करण्याची गरज नाही. आपला जिल्हा कापसाचा. सरकीचे दाणे हे आपले पायदळ होईल, चिंचोके घोडदळ होतील आणि खडे तोफा होतील. एका पक्षाच्या दाण्यांना गेरू लावला की ओळख पटली. पायदळाने एका चालीत एक वीत जावे, घोडदळाने दोन विती, तोफेने अर्धी. मात्र प्रत्येकाची वीत निराळी असते आणि निम्मी भांडणे तेथेच सुरू होतात. म्हणून एकच दोरी मोजून पंचाच्या हाती द्यावी. दहा दाण्यांच्या तुकडीने मारा केला की फासा टाकावा. जितके ठिपके पडतील त्यांच्या निम्मे शत्रूचे गडी उचलावेत, आणि शत्रू तटाआड असेल तर त्याच्याही निम्मे. अपूर्णांक सोडून द्यावा. गडाला वेढा पडला असेल तर आत एका वाटीत ज्वारीचे दाणे ठेवावेत आणि दर चालीला एक दाणा काढावा. वाटी रिकामी झाली की गड खाली करावा. मग पाहा, तोफेपेक्षा त्या वाटीकडेच गडकऱ्याचे लक्ष अधिक लागते की नाही!

हे सारे नियम वहीच्या एका पानावर मावतील, आणि यातच या जुन्या पद्धतीचे श्रेष्ठत्व आहे. मोबाईलवरील युद्धांत नियम यंत्राच्या पोटात दडलेले असतात. आपण का हरलो हे खेळणाऱ्याला कळतही नाही. येथे नियम आपणच लिहावयाचे, खेळापूर्वी त्यांवर हवा तेवढा वाद घालावयाचा आणि फासा एकदा हातात घेतल्यावर ते निमूटपणे पाळावयाचे. पाहावयास आलेल्या कोणालाही ते पान वाचता आले पाहिजे, आणि हरणाऱ्यालाही ते मान्य असले पाहिजे. लोकशाहीत याहून निराळे काय अपेक्षित असते?

विद्यार्थिमित्रहो, येत्या दिवाळीत किल्ला अवश्य बांधा; सिंहासनही सजवा. पण किल्ला पुरा झाल्यावर हात धुऊन उठू नका. शेजारच्या मित्राला बोलवा, पसाभर चिंचोके त्याच्या ओंजळीत घाला, आणि गड घेण्याची वाट त्याची त्याला शोधू द्या.